पुढची मोटारसायकल कोणती?

स्मरणिकेसाठी बालरोगतज्ज्ञाकडून लेख मागविला की तो लसीकरणावर, दुधाच्या बाटलीवर किंवा फार तर मोबाईलच्या नादी लागलेल्या मुलांवर असणार, असे वाचक गृहीत धरतात. यंदा मी मोटारसायकलीवर लिहीत आहे. विषय आगंतुक वाटेल, परंतु तो मी शोधून काढलेला नाही, आपल्याच मंडळींनी माझ्यापुढे ठेवलेला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्याच्या वरच्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला. तेव्हापासून मंडळाच्या कोणत्याही बैठकीत चहाचे कप फिरू लागले की एकच चर्चा सुरू होते. ३५० सीसी ही जणू शासनानेच आखून दिलेली लक्ष्मणरेषा, आणि तिच्या अगदी काठावर उभे राहण्याची आमच्या शल्यविशारदांची, भूलतज्ज्ञांची आणि दंतवैद्यांची कोण लगबग! ज्यांच्या मिशा केव्हाच पांढऱ्या झाल्या, ते पेट्रोलच्या टाकीचा रंग काळा घ्यावा की हिरवा यावर अर्धा तास वाद घालतात.

या चर्चेत मीही एक गिऱ्हाईक आहे, हे आधी सांगून टाकतो. माझी १५० सीसीची गाडी २०१० सालची. खासगी वाहनाच्या नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत २०२५ मध्ये संपली आणि नूतनीकरण करावे की निरोप द्यावा, हा प्रश्न उभा राहिला. शिवाय बाह्यरुग्ण विभागात बाळाचे वजन करून झाले, लस टोचून झाली, रडणे थांबले, की एखादा तरुण बाप हळूच विचारतो, "डॉक्टर साहब, गाडी लेनी है, कौन सी ठीक रहेगी?" आपल्या इंदुरात 'गाडी' म्हणजे दुचाकीच. चारचाकी घ्यायची असेल तर माणूस 'कार' म्हणतो. बालरोगतज्ज्ञाला हा प्रश्न का विचारतात, याचे पूर्वी मला नवल वाटे. आता वाटत नाही. त्या गाडीवरचा सर्वांत नाजूक प्रवासी तपासण्याचे काम माझ्याकडे असते, आणि हे त्या बापाला कुठेतरी जाणवत असावे.

माझे मत थोडक्यात असे. गाडी घेताना आपण ज्या क्रमाने प्रश्न विचारतो, तो क्रमच उलटा आहे. आधी सीसी, मग रूप, मग मायलेज, मग हप्ता, आणि 'मागे कोण बसणार' हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. तोच पहिला असावा. मोटारसायकल चालविणाऱ्याच्या हौसेच्या मापाने घेऊ नये. तिच्यावर बसणाऱ्यांपैकी जो देह सर्वांत लहान असेल, त्याच्या मापाने घ्यावी.

हे म्हणताना हौसेला मी शत्रू मानतो असे कोणी समजू नये. महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात आम्ही शिकत होतो तो काळच दुचाकींच्या बहराचा होता. १९८५ साली यामाहा आरएक्स १०० आणि हिरो होंडाची सीडी १०० या दोन्ही बाजारात आल्या. एकीचा आवाज ऐकून वसतिगृहाच्या खिडक्या उघडत, तर दुसरीचा आवाज येत नसल्याने तिचे कौतुक होई. येझदी अजून रस्त्यावर होती, तिचा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद झाला. आणि आपल्या उंबरठ्यावरच्या पीथमपूरला किनेटिक होंडा तयार होत असे. बटण दाबून सुरू होणाऱ्या, गिअर नसलेल्या त्या स्कूटरने आमच्या पिढीतील कितीतरी डॉक्टर भगिनींना रात्रीच्या कामासाठी कोणाची वाट पाहण्यापासून मुक्त केले. २०१८ मध्ये जावा हे नाव परत आले, तेही पीथमपूरच्याच कारखान्यातून. तेथेच ११.३ किलोमीटर परिघाचा अतिवेगवान चाचणीमार्ग २०२१ साली सुरू झाला. तेव्हा दुचाकी ही इंदूरकरांना परकी नाही. जाम गेटवरून मंडलेश्वर-महेश्वरला उतरणारी आपली रविवारची टोळी मला ठाऊक आहे, तिच्यात मी असतो आणि परतल्यावर छप्पन दुकानच्या पोह्यांवर आडवा हातही मारतो.

पण रविवारी आपण एकटे असतो. सोमवारी शाळेची वेळ होते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण गेले, आणि त्यांत मागे बसलेल्यांची संख्या १४,३३७ होती. सर्व प्रकारच्या रस्ते अपघातांत मिळून अठरा वर्षांखालील ९,५२८ मुले गेली, म्हणजे दिवसाला सव्वीस. आपल्याकडे एखाद्या साथीत दिवसाला सव्वीस मुले दगावली असती तर बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी आकाशपाताळ एक केले असते.

मुलाच्या शरीराची ठेवणच या प्रवासाला प्रतिकूल आहे, हे डॉक्टर वाचकांस नव्याने सांगावयास नको, परंतु स्मरणिका घरातील इतरही वाचतात. नवजात बालकाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या चौथ्या हिश्श्याइतके असते, प्रौढाचे सुमारे आठव्या. मान बारीक, स्नायू कोवळे आणि वर हे मोठे डोके, अशा रचनेचा गुरुत्वमध्य उंच असतो. ब्रेक लागला की मोठा माणूस कमरेतून पुढे झुकतो, मूल डोक्यावरून जाते. शिवाय ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० किलोमीटरला जो आघात होईल, त्याच्या सव्वादोन पट ६० ला होतो. 'जरासा वेग वाढविला' या शब्दप्रयोगातील 'जरासा' भौतिकशास्त्राला कळत नाही.

आता गाडीच्या अंगांकडे येतो, कारण शोरूममध्ये याविषयी कोणी बोलत नाही.

पहिली गोष्ट मागची बैठक. अलीकडच्या बहुतेक 'स्पोर्टी' गाड्यांत ती दुभंगलेली, अरुंद आणि चालकाच्या बैठकीपेक्षा वर चढलेली असते. तिच्यावर सहा वर्षांचे मूल बसले की ते वडिलांच्या पाठीला लागून राहतच नाही, उतारावरून घसरत तरी जाते किंवा मागे कललेले तरी राहते. याउलट जुन्या पद्धतीची लांब, सपाट, एकसंध बैठक आणि तिच्या मागे हात धरावयास मजबूत लोखंडी दांडा, ही रचना दिसावयास साधी असली तरी मुलासाठी उत्तम. तरुण मंडळी तिला 'दूधवाल्याची गाडी' म्हणतात. म्हणू द्यावे.

दुसरी गोष्ट मागच्या पायऱ्या, म्हणजे फूटरेस्ट. मुलाला मागे बसविण्याचे माझे वैद्यकीय प्रमाणपत्र वयावर नाही, यावर अवलंबून आहे: मूल सरळ बसल्यावर त्याचे दोन्ही तळवे फूटरेस्टवर पूर्ण टेकतात का? टेकत असतील तर वळणावर आणि खड्ड्यात ते स्वतःला सावरू शकते. टेकत नसतील तर दोन्ही पाय लोंबकळतात, आणि लोंबकळणारा पाय कोठे जातो हे ज्याने एकदा पाहिले तो विसरत नाही. टाच मागच्या चाकाच्या आऱ्यांत अडकते. या इजेची खोड अशी, की पहिल्या दिवशी ती क्षुल्लक दिसते. थोडे खरचटलेले, थोडी सूज, एक्स-रे स्वच्छ. पालक निर्धास्त होतात, कधीकधी डॉक्टरही. परंतु कातडी आतून चेंगरलेली आणि ओढली गेलेली असते. दोन-तीन दिवसांनी ती काळी पडू लागते, आणि मग टाचेचा तो पातळ भाग भरून काढताना प्लास्टिक सर्जनचीही कसोटी लागते. माझ्या तरुण सहकाऱ्यांना विनंती, की चाकात पाय गेलेले मूल 'ठीक है' म्हणून मलमपट्टी करून परत पाठवू नका. तिसऱ्या दिवशी पुन्हा बोलवा.

यासाठीच साडी गार्ड. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ वा नियम सांगतो की मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी कायमचा हातदांडा, पाय ठेवण्याची जागा आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षक आवरण असलेच पाहिजे. नियमात उल्लेख कपड्यांचा आहे, पण ते आवरण मुलाच्या टाचेलाही ओळखते. आणि विक्रेता काय विचारतो? "साहब, ये निकलवा दूँ? लुक खराब करता है।" असे मला एकाहून अधिक ठिकाणी विचारले गेले. गिऱ्हाईकही मान डोलावतो, कारण खरोखरच लुक खराब होतो. साखळीवर पूर्ण आवरण आहे की अर्धे, हेही पाहावे. अर्ध्या आवरणाने चालविणाऱ्याची विजार वाचते, मुलाची बोटे वाचत नाहीत.

तिसरी गोष्ट सायलेन्सर. उभ्या गाडीवरून उतरताना पोटरी तापलेल्या नळीला टेकते आणि क्षणार्धात खोल भाजते. मुलाची कातडी पातळ असल्याने जखम मोठ्यापेक्षा अधिक खोल जाते आणि डाग आयुष्यभर राहतो. सायलेन्सर खालून जाणारा असावा, त्यावर उष्णतारोधक पत्रा असावा, आणि मुलाला नेहमी डाव्या बाजूने चढवावे-उतरवावे. भाजल्यास नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावे. टूथपेस्ट, शाई, कॉफीची पूड यांपैकी काहीही लावू नये. हे मी तीस वर्षे सांगतो आहे आणि टूथपेस्ट लावलेल्या पोटऱ्या अजूनही येतात.

टाकीवर मूल बसविण्याच्या प्रथेविषयी काय लिहावे? लाडके लेकरू पुढे, वाऱ्यावर, दोन्ही हात हँडलवर. दृश्य मोठे गोड असते. अचानक थांबावे लागले की हँडलचे टोक मुलाच्या पोटात जाते. बाहेर लहानसे निळे वर्तुळ उमटते, आत यकृत, प्लीहा किंवा स्वादुपिंड दुखावलेले असते. स्कूटरच्या पुढच्या फळीवर उभे केलेल्या मुलाचेही तेच, आणि मागून बापाचे सत्तर-ऐंशी किलो त्याच्यावर येतात ते वेगळेच. पुढे बसविण्याची सोय किती चांगली, हा गाडी निवडण्याचा निकष कधीही असू नये.

कायद्याकडे वळतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट बंधनकारक केले. चारच्या आतल्यांसाठी नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचित होऊन १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला. नऊ महिने ते चार वर्षांच्या बालकाला त्याच्या डोक्याच्या मापाचे हेल्मेट हवे, प्रमाणित असल्यास सायकलीचेही चालते. चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा हवा, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. माझ्या दवाखान्याखाली लावलेल्या गाड्यांत असा पट्टा मी आजवर दोनदा पाहिला. आपण डॉक्टर लसीची पुढची तारीख कार्डावर लिहून देतो, त्याच कार्डावर नवव्या महिन्याच्या रकान्यात 'हेल्मेट' हा शब्द लिहावयास काय हरकत आहे? गोवराची लस त्याच भेटीत देतोच ना!

हेल्मेटाबाबत पालकांचा एक आक्षेप नेहमीचा: मूल वाढते, दरवर्षी नवे कोठून आणणार? येथे आमच्या शास्त्राकडे एक सुवार्ता आहे. डोक्याचा घेर जन्मतः सुमारे ३५ सेंटीमीटर, वर्षाअखेर ४६-४७ आणि चौथ्या वर्षी ५० च्या आसपास असतो. पुढे दहाव्या वर्षापर्यंत त्यात जेमतेम दोन-तीन सेंटीमीटरची भर पडते. म्हणजे बूट, गणवेश, चष्मा हे सारे बदलत असताना डोके हे त्यांतल्या त्यात स्थिर राहणारे अंग आहे. भुवयांच्या वर फीत लावून मोजावे, त्या मापाचे घ्यावे. फ्रॉक वाढत्या अंगाचा घेतलेला चालतो, हेल्मेट वाढत्या डोक्याचे घेतलेले चालत नाही. सैल हेल्मेट आघाताच्या क्षणी आधी उडून जाते आणि डोके मागाहून आपटते. नीट बसणारे हेल्मेट मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी करते, असा अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष २००८ च्या कॉक्रेन परीक्षणात आला. इतकी परिणामकारक आणि इतकी स्वस्त वस्तू आमच्या औषधांच्या कपाटात फारशी नाही.

१ ऑगस्ट २०२५ पासून इंदुरात हेल्मेटाविना पेट्रोल देऊ नये, असा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघाला तेव्हा पंपांवर एकच हेल्मेट चार डोक्यांवरून फिरताना आपण सर्वांनी पाहिले. त्यातही पाहिले जाई ते बापाचे डोके. टाकीवर बसलेल्या लेकराच्या डोक्याची चौकशी कोणी केलेली मला दिसली नाही. जून २०२५ मधील केंद्राच्या मसुद्यात प्रत्येक नव्या दुचाकीबरोबर विक्रेत्याने दोन हेल्मेटे द्यावीत असा प्रस्ताव होता. चांगलाच आहे. गिऱ्हाईकाच्या कडेवर मूल असेल तर त्या दोहोंतले एक लहान मापाचे द्यावे, एवढी ओळ त्यात मी जोडली असती.

आता अवघड भागाकडे. पती, पत्नी आणि दोन मुले अशा चौघांचे कुटुंब एका मोटारसायकलवर जाते, हे बेकायदेशीर आहे. १२८ वे कलम चालकाखेरीज एकाच व्यक्तीला परवानगी देते. लहान मुलाला तिसरा प्रवासी म्हणून सूट मिळावी असा प्रयत्न २०२३ मध्ये केरळातून झाला, केंद्राने तो मान्य केला नाही. मला केंद्राची भूमिका योग्य वाटते, आणि तरीही त्या चौघांना रस्त्यात थांबवून व्याख्यान देण्याचे धैर्य माझ्यात नाही. शेवटच्या हप्त्यासाठी ज्याने पत्नीची बांगडी मोडली, त्याला 'कार घ्या' असे सांगणारा सल्लागार मूर्ख होय. त्याला मी एवढेच म्हणतो, की दोन फेऱ्या कर. शाळेच्या वेळी एक मूल आधी सोड, मग दुसरे. सणाला, लग्नाला, डॉक्टरकडे जाताना सिटी बस किंवा ई-रिक्षा कर. त्या एका भाड्याचा हिशेब गाडीच्या किमतीतच धर, आणि गाडी दहा हजारांनी स्वस्त घे. शंभर सीसीच्या गाडीवर चौघे बसले की तिचे ब्रेक ज्या भारासाठी बनविले तो भारच उरत नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

ब्रेकविषयी दोन शब्द. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना किमान जोडब्रेक, म्हणजे सीबीएस, बंधनकारक झाले. सीबीएसमध्ये एक कळ दाबली की दोन्ही चाकांवर रोध येतो. एबीएसमध्ये चाक जागीच अडकून घसरू लागण्याआधी रोध क्षणभर सैल होऊन पुन्हा लागतो. पहिल्या पावसात खजुरी बाजारातील चिखलट डांबरावर हा फरक पोटात कळतो. मागे मूल बसणार असेल आणि ऐपत असेल, तर दहा हजारांचे जे काही 'विशेष' रंग व पट्टे असतील ते सोडून एबीएस घ्यावे. दोन्ही चाकांना असेल तर अधिक उत्तम.

स्कूटर की मोटारसायकल, हा वाद मी लांबविणार नाही. स्कूटरची बैठक सपाट, चाक झाकलेले, सायलेन्सर दूर, हे सारे मुलाच्या बाजूचे आहे. पण तिचे दहा-बारा इंची चाक ज्या खड्ड्यात अडखळते, तो मोटारसायकलचे सतरा-अठरा इंची चाक सहज पार करते, आणि खड्डे आपल्या पदरी विपुल आहेत. विजेवर चालणाऱ्या गाडीला तापणारी नळी नाही, हे मला तिच्या सर्व जाहिरातींपेक्षा अधिक आवडते. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या कुटुंबाला मी आज ती सुचवितो. महूच्या पुढे खेड्यांत जाणाऱ्याला नाही.

राहता राहिलो आपण, पन्नाशीचे. माझ्या मित्रांना जी ३५० सीसीची गाडी खुणावते तिचे वजन १९५ किलो आहे. नित्याच्या शंभर सीसीच्या गाडीचे ११२. मधल्या ८३ किलोंचा त्रास धावताना होत नाही. तो होतो दवाखान्यासमोरच्या उतारावर, गाडी मागे घेताना, पावसाळी शेवाळावर एक पाय टेकताना. तेव्हा गुडघा लागतो, आणि आपले गुडघे कोणत्या अवस्थेत आहेत हे आपल्याच अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांना विचारावे. मानेच्या मणक्यांची झीज, दुहेरी भिंगाचा चष्मा, मधुमेहाने बोथट झालेली तळव्याची संवेदना, यांपैकी काही ना काही आपल्यापैकी अनेकांकडे आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या. स्टेंट बसलेला आणि क्लोपिडोग्रेल घेणारा गृहस्थ उभ्या गाडीवरून जरी पडला, तरी त्याच्या डोक्याला लागलेला मार हा तुमच्या-माझ्या विद्यार्थिदशेतील मार नव्हे. पंचवीस वर्षे कार चालविल्यावर जो एकदम जड मोटारसायकलवर बसतो, त्याने रविवारी सकाळी रिकाम्या मैदानावर आठ-दहा वेळा ब्रेक लावून पाहावा आणि मगच भेरूघाट उतरावा. शस्त्रक्रियेत हात सुटला की आपण आधी सहायक म्हणून उभे राहतो, येथे मात्र कोणालाही सहायक व्हावेसे वाटत नाही.

बैठकीची उंची विचारा. दोन्ही पायांचे चवडे नव्हे, टाचा टेकल्या पाहिजेत. गाडी स्वतः मधल्या स्टँडवर चढवून पाहा, विक्रेत्याला हात लावू देऊ नका. शोरूममधील पोरगा ती एका झटक्यात चढवतो आणि आपण मान डोलावतो, पण तो पोरगा रोज आपल्या घरी येणार नसतो.

माझ्यापुरता निर्णय झाला आहे. माझी तीन वर्षांची नात सुट्टीत पुण्याहून येते आणि 'आजोबा, गाडीवर' हा तिचा पहिला आग्रह असतो. तिचे पाय फूटरेस्टपर्यंत पोहोचावयास अजून बराच अवकाश आहे, म्हणून यंदाही तिच्याबरोबर मी कारनेच राजवाड्याला गेलो आणि तिची नाराजी सहन केली. गाडी मात्र तिला समोर ठेवूनच पाहिली. १६० सीसीच्या वर्गातील, दीडशे किलोंच्या आतली, सपाट एकसंध बैठकीची, एबीएस असलेली. मित्रांच्या मते ती अगदीच 'सरकारी कारकुनाची' आहे. रविवारी मंडलेश्वरच्या घाटात ती त्यांच्या मागे राहील, आणि पोहे संपण्याआधी पोहोचेल अशी माझी अपेक्षा आहे. विक्रेत्याने साडी गार्ड काढण्याविषयी विचारले तेव्हा ते राहू द्यावयास सांगितले. जुनीचे नूतनीकरण करून ती कंपाउंडरला देण्याचा विचार होता, पण त्याची दोन मुले लहान आहेत आणि त्या गाडीला एबीएस नाही, तेव्हा ती भंगारात देऊन त्याच्या नव्या गाडीत भर घालीन.

मंडळाकडे एक मागणी करून थांबतो. वार्षिक स्नेहसंमेलनात आपण रक्तशर्करा आणि रक्तदाब तपासणीचे टेबल मांडतो. त्याच्या शेजारी एक मोजफीत आणि तीन-चार मापांची मुलांची हेल्मेटे ठेवावीत. त्या टेबलावर बसावयास मी दोन तास देईन.